'ती आई' म्हणजे कोण हो? आशालता वाबगावकर आणि सातारा

माहुलीचा घाट (धागाकर्ता)

२२ सप्टेंबर जवळ आला की आमच्या पेठेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरायला लागतो. कपाळावर ठसठशीत कुंकू, खांद्यावरून घेतलेला पदर, समजूतदार हसू. खाली मजकूर, "साताऱ्यात अखेरचा श्वास घेतलेल्या ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाडगावकर यांना विनम्र अभिवादन." गेल्या वर्षी मी आडनाव दुरुस्त करून टाकलं, वाबगावकर. चार अंगठे आले. दुसऱ्या दिवशी एका काकांनी तोच जुना फोटो, तेच वाडगावकर, पुन्हा पाठवलं.

यंदा तो फोटो आईला दाखवला. आई ८३ वर्षांची. चष्मा पुसून बघत म्हणाली, "अरे, ही सिनेमातली ती आई ना? गेली होय?" करोनात गेल्या, इथंच साताऱ्यात, असं सांगितल्यावर तिचा विश्वास बसेना. नाव विचारलं तर तेही आठवेना. "ती आई" एवढंच.

गंमत अशी की माझ्या लहानपणी हीच आई तांदूळ निवडताना 'अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा' गुणगुणायची. अर्थ न कळण्याच्या वयात मला ते पाठ झालं ते तिच्यामुळं आणि सांगली आकाशवाणीमुळं. सांगली केंद्र सुरू झालं १९६३ साली, 'मत्स्यगंधा' रंगमंचावर आलं १९६४ साली. रेडिओवर ते गाणं लागलं की घरात कुणी बोलायचं नाही. पण ते गाणारी बाई आणि फोटोतली बाई एकच, हे आईला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. तिचा दोष नाही. निवेदक नाव घेतो नेमकं तेव्हाच दूध उतू जातं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आशालताबाई गोव्याच्या, जन्म १९४१ चा. मुंबई आकाशवाणीवर कोकणी गाणी गायच्या. गोवा हिंदू असोसिएशनच्या 'संगीत संशयकल्लोळ'मध्ये रेवती केली आणि मग त्याच संस्थेच्या 'मत्स्यगंधा'त सत्यवती. नाटक वसंत कानेटकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. पुढं 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'गुंतता हृदय हे', 'वाऱ्यावरची वरात' अशी नाटकं. हिंदीत बासू चटर्जींच्या 'अपने पराये'नं (१९८०) रस्ता मोकळा केला आणि मग आई, काकू, आजी, मोठी जाऊ यांची रांगच लागली. मराठी-हिंदी मिळून शंभरावर चित्रपट. शेवटी मालिका. सप्टेंबर २०२० मध्ये 'आई माझी काळूबाई'चं चित्रीकरण साताऱ्याला चालू होतं, सेटवर करोना शिरला, त्यात त्या सापडल्या आणि २२ तारखेला गेल्या. वय ७९. अंत्यसंस्कारही इथंच झाले.

आता मला जे बोलायचंय ते. नायिका होती, मग चरित्र अभिनेत्री झाली, हे वाक्य आपण असं म्हणतो जणू बाई जिन्यावरून खाली उतरली. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण सत्यवती.

मी नट नाही. ३० वर्षं हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग केलंय. हातात संहिता, तोंडात बॅटरी, विंगेत डास. एका वर्षी आमच्या मंडळाला हुक्की आली 'मत्स्यगंधा' करायची. शाहू कला मंदिरात प्रयोग. आमची सत्यवती एका शाळेत बाई होती, गळा चांगला. कोळ्याची पोर म्हणून आली तेव्हा टाळ्या पडल्या. पण ती भूमिका तिथं थांबत नाही. पराशर येतो आणि जातो, मग शंतनू, मग देवव्रताची ती प्रतिज्ञा, मग राणी, मग मुलं गमावलेली म्हातारी. हे सगळं एका रात्रीत एकाच बाईला करायचं. मेकअपवाल्यानं केसांना झिंक पावडर चोपडली, दोघींनी धावतपळत लुगडं बदललं, आणि ती पुन्हा रंगमंचावर गेली. पाठीला बाक आणला, काठी बरोबर टेकली. पण श्वास! विंगेतून मला ऐकू येत होता. दम लागलेल्या तरुण मुलीचा श्वास. म्हातारीला इतका पटकन दम लागत नाही कारण म्हातारी पळतच नाही. 'अर्थशून्य'ची पहिली ओळ त्या धापेत गेली. पेटीवाल्यानं बिचाऱ्यानं दोनदा सूर धरून ठेवला.

त्या रात्री मला कळलं की आशालताबाई तिशीसुद्धा गाठली नव्हती तेव्हा काय करत होत्या. पदर तोच, गळा तोच, पण श्वासाचं वय बदलायचं. पुढं पडद्यावर त्या आई म्हणून नुसत्या खुर्चीत बसल्या तरी खऱ्या वाटायच्या त्याचं मूळ मला तिथं दिसतं. सिनेमानं त्यांना आई केलं नाही. ती आई 'मत्स्यगंधा'च्या शेवटाला आधीच होती.

आणि साताऱ्याचा संबंध फक्त त्या सप्टेंबरपुरता नाही. वसंत कानेटकर जन्मानं रहिमतपूरचे. म्हणजे ज्या भूमिकेनं त्या मोठ्या झाल्या ती लिहिणारा माणूस आमच्या जिल्ह्याचा.

तुमच्या आठवणी टाका. नुसतं 'भावपूर्ण श्रद्धांजली' नको.

---

ठाम मत

लेख बरा आहे. पण कानेटकरांचं बहुतेक आयुष्य नाशकात गेलं आणि बाई गोव्याच्या. लेखक रहिमतपुरात जन्मला म्हणून नटी साताऱ्याची होते का? उद्या महाबळेश्वरला हवापालटाला आलेल्या सगळ्या नटांचे धागे निघतील.

---

हरिपूरचा पार

ठाममत, थांबा जरा, आम्हीही रांगेत आहोत.

धागाकर्त्यांनी रेवतीचा उल्लेख एका ओळीत उरकला, ते सांगलीकराला कसं चालेल? 'संशयकल्लोळ' गोविंद बल्लाळ देवलांचं, आणि देवल आमच्या हरिपूरचे. 'शारदा' त्यांनी इथल्या पारावर बसून लिहिलं असं आमच्याकडं पोरंसोरंही सांगतात. १९१६ साली देवल गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं 'संशयकल्लोळ' संगीत करून आणलं. रेवती बालगंधर्वांची. ती भूमिका करायला उभं राहायचं म्हणजे प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या डोक्यात आधीच एक रेवती बसलेली असते. अशा ठिकाणी नवी मुलगी पहिली मोठी भूमिका करते, यातच काय ते आलं.

शिवाय रेवती नुसती गोड गळ्याची नव्हे. ती अश्विनशेठवर रुसते, फणकारते, कमरेवर हात ठेवून जाब विचारते. 'संशय का मनि आला' म्हणताना सुरात राहून भांडावं लागतं. भांडणात सूर आणि सुरात भांडण, दोन्ही सांभाळायचं.

म्हणजे हिशेब असा: पहिली भूमिका हरिपूरच्या माणसानं लिहिलेली, दुसरी रहिमतपूरच्या. तुमच्याकडं माहुलीला कृष्णेत वेण्णा मिळते, आमच्याकडं हरिपूरला वारणा. पाणी वरून आमच्याकडंच येतं, त्यामुळं बाईंवर आमचाही हक्क.

(अवांतर: हरिपूर म्हटलं की लोक हळदीच्या पेवांबद्दल, म्हणजे साठवणीच्या जमिनीतल्या खड्ड्यांबद्दल, विचारतात. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. पार आहे.)

---

सेवागिरी

आमच्या पुसेगावच्या यात्रंत तंबूत 'माहेरची साडी' लागला हुता. मी चौथीत आसंन. आमची आत्या शेजारच्या सा बायका घेऊन गेली, मला बी नेलं, येताना झोपल्यालं पोरगं खांद्यावर घेऊन आली. तिला नटनट्यांची नावं काय ठावं न्हाईत. नात्यानंच वळखायची. ही सासू, ही आई, ही नणंद. उषा नाडकर्णींला तर तंबूतनं शिव्या. "मुडदा बशिवला तुजा" आसं मोठ्यांदा. आन् एखादी मायेची बाई आली की आत्या नाक पदराला पुसायची.

तवा नाव म्हाईत नसनं ही काय वाईट गोष्ट न्हाई. आत्याच्या लेखी त्या नट्या नव्हत्याच, भावकीतल्या बाया हुत्या.

---

माहुलीचा घाट

सेवागिरी, क्या बात है. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी नाव विसरलं म्हणून कुरकुर करतोय आणि तुमच्या आत्यानं त्यांना घरातच घेतलं.

ठाम मत, हवापालटाला आलेले आणि कामाला आलेले यात फरक करा की राव.

---

जवारी तंबोरा

मिरजेहून. घरात तीन पिढ्या तंबोरे करतो, तेव्हा माझं बोलणं गळ्यापुरतं.

धागाकर्त्यांशी अर्धा सहमत. श्वासाचं म्हणता ते सोळा आणे खरं. पण 'जिना उतरल्या नाहीत' हे गोड करून सांगणं झालं. 'गर्द सभोवती रान साजणी' ऐका. शब्द बालकवींचे, नाटकासाठी घेतलेले. अभिषेकीबुवांनी तिथं ताना मारून टाळी घेण्याच्या जागा ठेवलेल्याच नाहीत. जुन्या संगीत नाटकात एक पद वीस मिनिटं चालायचं, नायक बाजूला उभा राहून उपरण्याशी खेळायचा. बुवांनी पद आवरलं, नाटकाच्या मापाचं केलं. मग गाणाऱ्याला शब्द टाकता यावा लागतो. 'रान' म्हणताना गर्दी दिसली पाहिजे आणि 'चाफेकळी' म्हणताना एकच कळी. आशालताबाईंचा 'चाफेकळी'तला 'ळी' ऐका, त्यावर त्या जोर देत नाहीत, नुसता सोडून देतात. आमच्याकडं जवारी लावताना घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, केसभर पुढं गेला तर तार बोदी वाजते, केसभर मागं आला तर करकरते. मध्ये एक जागा असते तिथं तार बोलायला लागते. तो 'ळी' त्या जागेवर आहे.

आता हा गळा असलेल्या बाईला सिनेमानं काय दिलं? 'अंकुश' (१९८६) घ्या. 'इतनी शक्ति हमें देना दाता' आख्ख्या देशाला पाठ. त्या सिनेमात आजी म्हणून आशालताबाई आहेत. आवाज पुष्पा पागधरे आणि सुषमा श्रेष्ठ यांचा. दोघींनी सुंदर गायलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिनं 'मत्स्यगंधा' गायलं तिला कॅमेऱ्यापुढं बसवून आवाज दुसरीकडून आणायचा, हे म्हणजे तंबोरा भिंतीला शोभेला टांगण्यासारखं. चेहरा घेतला, गळा ठेवून दिला. याला उतरणं नाही म्हणायचं तर नका म्हणू, पण काहीतरी गेलं एवढं तरी कबूल करा.

---

दप्तर

जवारीदादांचा प्रतिसाद वाचून चपापले. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, जावळीत. आमच्याकडं आठवड्यातून दोनदा परिपाठाला हीच प्रार्थना असते. 'विश्वास' शब्दाला पहिली-दुसरीची पोरं नेमकी पुढं पळतात आणि चौथीची मागं राहतात. इतकी वर्षं घेते, पण सिनेमात ती कोण म्हणतंय हे कधी मनात आलं नाही. काल घरी तो प्रसंग लावून पाहिला. गाणं ठाऊक होतं, म्हणून मी फक्त चेहरा पाहिला. जवारीदादा, रागावू नका, पण तो चेहरा गात होता.

---

तिसरी घंटा

दोघंही थोडं थोडं बरोबर आहात, पण पोटाचा विषय कुणी काढत नाही. १९७० च्या पुढं संगीत नाटकांचं काय झालं ते बघा. ऑर्गन, तबला, गाणारे नट, गडीमाणूस, हे सगळं घेऊन दौरा काढणं कंत्राटदाराला परवडेना. सातारा, कराड, कोल्हापूर, सांगली, मिरज, रोज रात्री प्रयोग, रोज पहाटे बस. मी सांगलीत भावे नाट्यमंदिराच्या तिकीट खिडकीशी लहानाचा मोठा झालो (वडील तिथं बुकिंगला बसायचे), त्यामुळं पाठीच्या दुखण्याला शेक घेत मेकअपला बसलेले नटनट्या पाहिलेत. चाळिशीकडं झुकलेल्या बाईला गद्य नाटकात भूमिका मिळतात, सिनेमात दिवसाचे पैसे मिळतात आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकता येते. ह्याला उतरणं म्हणायचं की चढणं, ते ज्याच्या पाठीला बसचा बाक लागला त्यानं ठरवावं.

'अपने पराये'बद्दल मात्र धागाकर्ते घाईत गेले. शरदबाबूंच्या (शरच्चंद्र चट्टोपाध्याय) 'निष्कृति' कथेवरचा सिनेमा. एकत्र कुटुंब, उत्पल दत्त घरातले थोरले, शबाना आझमी धाकटी सून, अमोल पालेकर तिचा नवरा. आशालताबाई थोरली जाऊ. आता ही थोरली जाऊ वाईट नाही, खाष्ट नाही. भोळी आहे, आजारी असते, आणि जो शेवटी बोलून गेला त्याचं तिला खरं वाटतं. कुणी कान भरले की फुगते, मग स्वतःच रडते. असली माणसं आपल्या प्रत्येक घरात असतात आणि नाटक-सिनेमात सापडत नाहीत, कारण त्यांना ना खलनायिका करता येत ना देवता. शबाना, उत्पल दत्त यांच्यासमोर बंगाली घरातली ती बाई एका गोव्याच्या, मराठी नाटकातल्या बाईनं अशी उभी केली की परकेपणा कुठं लागत नाही. मला विचाराल तर 'मत्स्यगंधा'च्या बरोबरीनं ही भूमिका लावायला हवी. सत्यवतीला सगळं कळतं आणि काही करता येत नाही. ह्या जावेला काहीच कळत नाही आणि तरी सगळं तिच्याच हातून घडतं.

आणि 'चरित्र अभिनेत्री' हा शब्द कुणी काढला हो? चरित्र म्हणजे आपल्याकडं जीवनचरित्र. माझा नातू विचारत होता, म्हणजे ही सावित्रीबाई फुल्यांचं काम करायची का?

---

हरिपूरचा पार

तिसरी घंटा, नातवाला शंभर पैकी शंभर. नाटकवाल्यांचा जुना शब्द 'आईची पात्रं'. अमकी काय करते? आईची पात्रं करते. साधं आणि सरळ.

---

गोंयकार

मडगावहून नमस्कार. एक खुलासा करतो, कारण परवाच एका पोराला चुकीचं सांगताना ऐकलं. गोवा हिंदू असोसिएशन हे नाव वाचून लोकांना वाटतं संस्था पणजीत. संस्था मुंबईतली, मुंबईतल्या गोवेकरांची. 'मत्स्यगंधा' १९६४ चं आणि गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये. म्हणजे पोर्तुगीज गेल्याला जेमतेम अडीच वर्षं. त्यात अभिषेकीबुवा मंगेशीचे, पराशर करणारे रामदास कामत गोव्याचे, आशालताबाई गोव्याच्या. कथा महाभारतातली, लेखक तुमचा सातारचा, पण होडी, नदी, कोळी आणि देवळातलं गाणं हे ज्यांच्या घरचं, त्यांच्या गळ्यात गेलं. आमच्याकडं नाटक हे जत्रेला देवासमोर करायचं व्रत. मुलगी नाटकात काम करते म्हणून नाक मुरडणारे गोव्यातही होते, पण गाणारीला मान होता.

त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावही 'गर्द सभोवती' हेच आहे. इतके सिनेमे करून बाईंनी स्वतःच्या पुस्तकावर नाव घातलं ते नाटकातल्या पदाचं. जवारीबाब, तुमच्या बाजूनं एक गुण.

---

जवारी तंबोरा

देव बरें करूं गोंयकारबाब. तो गुण जपून ठेवतो.

---

ठाम मत

बरं, सातारा-सांगली-गोवा वाटून घ्या. माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो कुणी बोलत नाही. ७९ वर्षांच्या बाईला करोनाच्या ऐन भरात सेटवर नेलंच का? सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्यात काय परिस्थिती होती ते आम्ही भोगलंय. माझ्या सख्ख्या मामाला खाटेसाठी दोन दिवस फिरवलं, तिसऱ्या दिवशी मिळाली. आम्ही घरातल्या म्हाताऱ्यांना दारात येऊ देत नव्हतो. आणि इथं मालिका चालू. हे नाटकाच्या प्रेमात झाकू नका.

---

घाटावरची कांता

ठाम मतदादा, मामांचं वाचून वाईट वाटलं. तुमचा राग खोटा नाही. पण दुसरी बाजू सांगते, मी त्याच धंद्यातली.

मी वाईची. आमच्याकडं मेणवलीचा घाट, वाडे, ढोल्या गणपतीचा परिसर, सगळीकडं शूटिंगं येतात. मी कॉश्च्यूमला असते. म्हणजे साड्या इस्त्री करणं, ब्लाऊज उसवणं-शिवणं, आणि कंटिन्युटी. सोमवारी बाई घरातनं बाहेर पडतानाचा शॉट झाला आणि गुरुवारी रस्त्यावरचा, तर पदराच्या निऱ्या तेवढ्याच, पिन त्याच खांद्याला, गजऱ्याची फुलं तेवढीच सुकलेली लागतात. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवायचा. वयस्कर बायकांचं एक असतं, त्या स्वतःच लक्षात ठेवतात. तरुण मुलींना फोटो दाखवावा लागतो. नाटकातनं आलेली आजी सांगते, "अगं, पदर डाव्या हातात होता, चहाचा कप ठेवताना बदलला होता." असल्या बाईंच्या मागं राहून मी निम्मं काम शिकले.

लॉकडाउनमध्ये चार महिने माझ्या हाताला काम नव्हतं. मेकअपदादा भाजी विकत होते, स्पॉटदादा गावाला जाऊन भात लावत होते. मुंबईत शूटिंग अडचणीचं झालं म्हणून युनिटं आमच्या जिल्ह्यात आली तेव्हा आम्ही देवाला नारळ फोडला, खोटं का बोलू. सुरुवातीला सरकारचा नियम होता, ६५ च्या वरच्यांना सेटवर यायला बंदी. त्यावर एका सत्तरीच्या कलाकारांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, इतर दुकानं-कचेऱ्यांत त्या वयाच्या माणसांना बंदी नाही, मग आम्हालाच का? न्यायालयानं ऑगस्टमध्ये ती अट रद्द केली. म्हणजे वयस्कर कलाकार स्वतःच मागत होते, आम्हाला येऊ द्या.

कुणाचं चुकलं हे मला कळत नाही. पण 'नेलंच का' हा शब्द खटकला. ७९ वर्षांची बाई म्हणजे सामान नव्हे, कुणी उचलून न्यायला.

---

ठाम मत

कांताताई, शब्द मागे घेतो. 'जाऊ दिलंच का' असं वाचा. मुद्दा तसाच आहे.

---

घाटावरची कांता

'जाऊ दिलं' पण नको. 'गेल्या' म्हणा. आपल्या पायानं.

---

सेवागिरी

कांताताईनं ठाममतरावाला गप केलं, मी ह्या साईटवर सात वर्सांत पयल्यांदा बगितलं.

---

तिसरी घंटा

गंमत सोडा, कांताताईंचं पटलं. नाटकवाला माणूस घरी बसला की आजारी पडतो, हे मी बापाच्या डोळ्यांसमोर पाहिलंय. थिएटर दुरुस्तीसाठी सहा महिने बंद होतं. वडील रोज संध्याकाळी सहाला सदरा चढवून ओसरीवर बसायचे. कुठं निघालात विचारलं तर म्हणायचे, खिडकी उघडायची वेळ झाली.

---

संपादक

धागा 'पश्चिम महाराष्ट्र' विभागात हलवावा की 'रंगभूमी'तच ठेवावा अशी विचारणा झाली आहे. दोन्हीकडं दिसेल अशी सोय केली आहे. एका प्रतिसादात आडनाव 'वाबगांवकर' असे अनुस्वारासह होते, ते धाग्यातल्या लेखनाशी जुळवून घेतले. 'वाडगावकर' हा फक्त मूळ लेखातल्या अवतरणात राहील.

---

माहुलीचा घाट

दोन दिवस वाचतोच आहे. माझा मूळ लेख आता मलाच अपुरा वाटायला लागलाय. जवारीदादा, 'काहीतरी गेलं' हे कबूल. मी श्वासाच्या नादात गळ्याकडं दुर्लक्ष केलं. आणि तिसरी घंटा, 'अपने पराये' परवा रात्री पुन्हा पाहिला. थोरल्या जावेबद्दल तुम्ही म्हणता ते अक्षर न् अक्षर खरं. आमची थोरली काकू अशीच होती, सारखी आठवत राहिली.

काल दुपारी आईला 'गर्द सभोवती' मोबाइलवर लावून दिलं. तिनं फोन आला असावा तसा मोबाइल कानाला लावला. मी स्पीकर चालू आहे असं खुणेनं सांगितलं तरी काढेना. पूर्ण ऐकलं. शेवटच्या कडव्याला ओठ हलत होते, पण शब्द तिचे स्वतःचेच काहीतरी. मग 'अर्थशून्य' लावलं. ते ऐकताना तिनं ताटातले शेंगदाणे निवडायला घेतले. हात आपोआप चालू झाले, गाणं सुरू होईपर्यंत ताट नुसतंच पुढ्यात होतं.

मग मी तो फोटो पुढं धरला. म्हटलं, आई, ती आई ती हीच, आत्ता ऐकलीस ती. तिनं फोटो बघितला, मला बघितलं आणि म्हणाली, "मग सिनेमात हिला गायला का नाही लावलं रे कुणी?"

जवारीदादा, मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगता का तिला?

---

जवारी तंबोरा

काकूंना म्हणावं रविवारी येतो. शाहूपुरीत एकांचा तंबोरा पोचवायचाय, भोपळ्याला चीर गेली होती, जोडून दिलाय. तो पोचवायच्या आधी तुमच्याकडं दहा मिनिटं लावून बघतो, प्रवासात तारा उतरतातच. काकूंची पट्टी काळी चार असेल का पांढरी पाच, तेवढं विचारून ठेवा.

---

माहुलीचा घाट

विचारलं. म्हणाली, "पट्टी बिट्टी मला ठाऊक नाही. येताना त्यांना जेवायला थांबायला सांग."